कातडीवरची कारागिरी
(प्रस्तावना)

खिलार खोंडाला कातर लावायची नाही आणि म्हशीच्या अंगावर केस ठेवायचा नाही, एवढे शहाणपण माणदेशात किंवा कोल्हापुरात कुठल्याही गोठ्यात फुकट मिळते. का, असे विचारले की उत्तर येते, ‘पहिल्यापासनं असंच हाय.’ उत्तर खोटे नाही, पण त्याच्या पोटात बरेच काही दडले आहे. बहुतेक खिलारांची कातडी काळसर असते आणि तिच्यावर पांढरा, आखूड, अंगाला चिकटून बसलेला केस असतो. पांढरा केस ऊन परतवतो आणि त्यातून निसटलेले ऊन खालची काळी कातडी आत जाऊ देत नाही. हा केस भादरला तर चैत्रातल्या उन्हात बैल धापा टाकणार. म्हशीचे उलटे आहे. तिचा केस विरळ, त्याने ऊन अडत नाही. घामाच्या ग्रंथी गायीच्या मानाने कमी. अंग गार राखायला तिला पाणी आणि चिखल लागतो. केस राहिला तर त्यात शेण वाळते, उवा घर करतात आणि धुतलेले अंगही धुतल्यासारखे दिसत नाही. म्हणून म्हैस वस्तऱ्याने भादरायची, तेलाचा हात फिरवायचा आणि सावलीला बांधायची.

हे पुस्तक ज्या विद्येबद्दल आहे तिची सुरुवात अशा निवडींपासून होते. कुठला केस काढायचा, कुठला राखायचा, काय घासायचे, काय रंगवायचे आणि कशाला हातही लावायचा नाही. जनावर पंचांपुढे उभे राहते ते काही मिनिटे. त्या मिनिटांसाठी घरचा एखादा माणूस दोन-तीन महिने आधीपासून त्याच्या मागे असतो. मराठीत गोपालनावर पुस्तके भरपूर निघाली. चारा, दूध, रोगराई, गोबर गॅस, सगळ्यांवर निघाली. पण यात्रेसाठी किंवा प्रदर्शनासाठी जनावर कसे तयार करतात, यावर सलग लिहिलेले माझ्या पाहण्यात आले नाही. ज्यांना येते त्यांना लिहायची सवय नाही आणि लिहिणाऱ्यांना हा विषय थिल्लर वाटत आला. बैलाच्या शिंगाला कानस लावणे हा काय अभ्यासाचा विषय, असे एका विद्वान मित्राने मला विचारलेही होते.

माझे मत सांगतो. ज्या मुलखाला जनावराकडून जे हवे असते, त्याच जागी तयारी करणाऱ्याचा हात फिरतो. मांस हवे तिथे पाठ आणि मांड्या भरलेल्या दाखवतात. दूध हवे तिथे कास आणि फासळ्या दाखवतात. ओढकाम हवे तिथे खूर, खांदा आणि शिंग. त्यामुळे कुठल्याही प्रदर्शनात सजवलेले जनावर पाहून त्या मुलखाची शेती वाचता येते. आपल्याकडची आजची अडचणही यातूनच निघते, पण तिच्याकडे नंतर येऊ.

रिंगण, पंच, वर्गवारी आणि फीत या रूपातले प्रदर्शन ही इंग्लंडची देणगी, आणि तिच्या मुळाशी मांस होते. अठराव्या शतकात लेस्टरशायरच्या रॉबर्ट बेकवेलने (१७२५–१७९५) जवळच्या नात्यातल्या जनावरांचा संयोग घडवून हवा तो गुण वंशात पक्का करण्याची रीत घालून दिली. डरहॅम परगण्यातल्या चार्ल्स आणि रॉबर्ट कॉलिंग या भावांनी ती उचलली आणि शॉर्टहॉर्न जात नावारूपाला आणली. चार्ल्सच्या गोठ्यात १७९६ साली जन्मलेला एक बैल इतका अवाढव्य झाला की त्याला खास बांधून घेतलेल्या गाडीत चढवून १८०१ पासून गावोगाव पैसे घेऊन दाखवत. हाच तो ‘डरहॅम ऑक्स’. १८०७ मध्ये तो गेला, पण त्याची छापील चित्रे घराघरांत टांगली गेली. त्या काळातली अशी चित्रे पाहिली तर हसू येते. धड चौकोनी, डोके इवलेसे, पाय बारीक. न्यूकॅसलचा काष्ठचित्रकार टॉमस ब्युइक याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की जनावरांची चित्रे काढायला बोलावून मालक त्याला जिथे चरबी दिसत नव्हती तिथे चरबीचे गोळे काढायला सांगत. त्याने ते काढले नाहीत, दुसऱ्यांनी काढले. म्हणजे जनावर आहे त्याहून भारी दाखवण्याची कला कातरीच्या आधी कुंचल्याने साधली होती.

१७९८ मध्ये लंडनला स्मिथफील्ड क्लब निघाला. १८२२ मध्ये स्कॉटलंडच्या हायलँड सोसायटीने एडिंबरात पहिले प्रदर्शन भरवले आणि त्याच वर्षी शॉर्टहॉर्नांची वंशावळ छापून निघाली. १८३९ मध्ये ऑक्सफर्डला इंग्लंडच्या कृषी संस्थेचे पहिले प्रदर्शन भरले. पुढे ‘रॉयल शो’ म्हणून गाजलेले ते प्रदर्शन २००९ नंतर बंद पडले, पण रॉयल हायलँड आजही जूनमध्ये आणि ग्रेट यॉर्कशायर व रॉयल वेल्श जुलैमध्ये भरतात. तिकडचा उन्हाळा म्हणजे लांब दिवस, हिरवी कुरणे आणि सुगीच्या आधीचे थोडे मोकळे आठवडे. आपल्या चैत्र-वैशाखाशी त्याचे काही नाते नाही. अमेरिकेत एल्काना वॉटसन नावाच्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डला मेंढ्या आणि गुरे चौकात आणून दाखवायला सुरुवात केली आणि त्यातून तालुक्या-तालुक्याच्या जत्रा वाढल्या. आयोवाची राज्यजत्रा १८५४ पासूनची. ती ऑगस्टमध्ये भरते, आणि तिथे शेतकऱ्यांची शाळकरी पोरे स्वतः वाढवलेले वासरू दोरीला धरून रिंगणात उतरतात.

यंत्र यायच्या आधी केस कापायचे ते हातकातरीने, आणि तेही घाण काढण्यापुरते. ऑस्ट्रेलियात डनलॉप नावाच्या मेंढवाड्यावर १८८८ साली सगळी मेंढरे यंत्राने कातरली गेली. १९१९ मध्ये इलिनॉयच्या लिओ वॉल याने विजेच्या कातरयंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो माणसांच्या डोक्यांसाठी. अशी यंत्रे गोठ्यात शिरली आणि कामाचा स्वभावच पालटला. हातकातरीने केस कमी व्हायचा. यंत्राने केस वेगवेगळ्या लांबीचा ठेवता येऊ लागला आणि त्यातून आकार घडवता येऊ लागला.

इथून पुढे पाश्चात्त्यांची दोन मोठी घराणी वेगळी झाली. दुभत्या गायीच्या घराण्यात जवळजवळ सगळे अंग भादरतात. प्रदर्शनाच्या आठ-दहा दिवस आधी, म्हणजे यंत्राच्या रेघा बुजायला वेळ मिळतो. आधी गाय धुऊन कोरडी करायची, कारण केसातली माती पाते बोथट करते. मग केसाच्या उलट दिशेने यंत्र चालवायचे. कासेवर आणि पोटावर बारीक पाते, तेही आदल्या दिवशी, म्हणजे दुधाच्या शिरा उठून दिसतात. पाठीच्या कण्यावरचा केस मात्र राखायचा. प्रदर्शनाच्या दिवशी तो हवेच्या झोताने उभा करायचा, फवारा मारून ताठ करायचा आणि माथ्यावरून यंत्र असे न्यायचे की मानेपासून शेपटापर्यंत एक सरळ रेघ दिसावी. खोलगट जागी केस जास्त, उंचवट्यावर कमी. हाताने चाचपले तर पाठ जशी आहे तशीच लागते, फक्त डोळ्याला सरळ दिसते. अमेरिकेच्या दुभत्या जातींच्या संघांनी १९४३ मध्ये सामाईक गुणपत्रिका ठरवली. तिच्या चालू रूपात शंभरपैकी ४० गुण एकट्या कासेला आहेत. कास भादरण्यावर तिथे इतका जीव का टाकतात ते यावरून कळावे.

मांसाच्या घराण्यात उलटे चालते. तिथे केस वाढवायचा असतो. दिवस मोठा झाला की गुरांचा केस झडतो, म्हणून ऐन उन्हाळ्यात वासरांना पंख्याखाली, थंड खोलीत ठेवतात, दिवसातून दोनदा गार पाण्याने धुतात आणि केस पुढच्या दिशेने विंचरत वाळवतात. पायाचा केस चिकट फवाऱ्याने उभा करून हाड जाड दाखवतात, मांडीचा केस गोल कापून मांस भरलेले दाखवतात. वातानुकूलित गोठ्यातले वासरू आणि बाहेर उन्हात पाणी मारणारा शेतकरी, हे दृश्य मला अजून पचलेले नाही. तिकडच्यांनाही ते सगळ्यांना पचले असे नाही. टेक्सासातल्या काही मोठ्या प्रदर्शनांनी नियमच केला की मांसाचे जनावर सबंध भादरून आणायचे आणि पाव इंचाहून लांब केस नको. केस गेला की खरे अंग समोर येते. आणि या दोन्ही घराण्यांच्या बाहेर स्कॉटलंडच्या डोंगरातली लांब केसांची गाय उभी असते, जिला कापत नाहीत, फक्त धुतात आणि विंचरतात.

आता आपल्याकडे वळू. प्रदर्शन इंग्रजांचे असले तरी जनावर दाखवणे हे आपल्याला कुणी शिकवलेले नाही. आटपाडीची उत्तरेश्वराची यात्रा, खरसुंडीची सिद्धनाथाची चैत्री आणि पौषी यात्रा, पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, कार्तिकीला पंढरपूरजवळ वाखरीत भरणारा बाजार, मराठवाड्यात माळेगावची खंडोबाची यात्रा. देवाच्या निमित्ताने गुरे जमतात, गुरांच्या निमित्ताने माणसे जमतात आणि रुमालाखाली बोटे दाबून सौदे होतात. संस्थानिकांनी त्यावर आपला हात ठेवला. खिलाराच्या एका प्रकाराला औंध संस्थानातल्या आटपाडी महालाचे नाव आहे, तर कृष्णाकाठची थोराड जात सांगलीच्या पटवर्धनांच्या आश्रयाने वाढली. विसाव्या शतकात सरकारी पशुसंवर्धन खाते आले, बाजार समित्या आल्या, आणि यात्रेतल्या माळावर चुन्याची रेघ मारून रिंगण आखले जाऊ लागले. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला अशी दातांवरून वर्गवारी मात्र जुनीच राहिली. आज एकाच मैदानात देवाची यात्रा, सरकारी प्रदर्शन आणि खुला बाजार अशा तिन्ही गोष्टी एकमेकांत मिसळलेल्या दिसतात आणि गुलाल तिघांवरही सारखाच पडतो.

ओढकामाच्या बैलाचे घराणे शिंगावर आणि खुरावर उभे आहे. खिलाराचे शिंग कपाळापासून जवळजवळ निघून मागे जाते आणि धनुष्यासारखे वळून टोकाला तीक्ष्ण होते. ते दोन्ही बाजूंनी सारखे दिसावे, त्यावरच्या वळ्या जाव्यात आणि पोत काचेसारखा व्हावा म्हणून शिंगे साळतात. हे काम करणारा माणूस पाहावा. तो आधी बैलाशी बोलतो, मानेवर खाजवतो आणि मगच शिंगाला हात लावतो. बैल खाली पाडून नव्हे, उभा ठेवून, म्होरकी आवळून एक जण डोके आपल्या छातीशी धरतो. साळणारा बुडापासून टोकाकडे कानस चालवतो, मग फुटक्या काचेच्या धारेने पापुद्रा काढतो. तो पांढरा, कुरळा भुगा खाली पडत राहतो. मध्येच थांबून तो तळवा शिंगाभोवती लपेटतो. हात कशासाठी, तर ऊब बघायला. शिंगाचे वरचे कवच मेलेले असते, पण आत हाडाचा गाभा जिवंत असतो, रक्त खेळते आणि मोठ्या जनावरात तो गाभा पोकळ असून कपाळाच्या पोकळीशी जोडलेला असतो. कवच पातळ झाले की ऊब लागते. ऊब लागली की थांबायचे. तिथे जो थांबत नाही तो कारागीर नव्हे. वरून पॉलिश पेपर, एरंडेल किंवा खोबरेल, आणि कुणाकुणाचा हिंगूळ. पितळी शेंब्या चढवायच्या तर त्या अगदी शेवटी.

लांब शिंगांच्या देशी बैलांत शिंगाचा कर्करोग आढळतो आणि वारंवार साळणे, रंगवणे, दोराचे घर्षण यांच्याकडे पशुवैद्य संशयाने पाहतात. म्हणून दर यात्रेला शिंग साळायची हौस बरी नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. या पुस्तकाच्या लेखकांचे मत इतके कडक नाही. या मुद्द्यावर आमचे दोघांचे बरेच बोलणे झाले आणि शेवटी त्यांनी माझे म्हणणेही पुस्तकात घेतले, हा त्यांचा मोठेपणा.

खिलाराच्या अंगाला कातर नाही म्हटले तरी सगळे तसेच सोडत नाहीत. कानाच्या कडेचे, बेंबीजवळचे लोंबते केस कात्रीने उडवतात. शेपटीचा गोंडा धुऊन, विंचरून टोकाला सारखा करतात. खूर तासून पत्री मारतात, पण प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मारलेली पत्री धोक्याची, कारण बैल अंग चोरून चालतो आणि पंचाची नजर आधी पायाकडे जाते. बाकी कामगत खराऱ्याची. रोज सकाळी खरारा फिरला की मेलेला केस निघतो, कातडीतले तेल वर येते आणि ती चमक कुठल्याही बाटलीतल्या तेलाला येत नाही. चमक तशी आतूनच यावी लागते. जंताचे औषध दिलेले नसेल, किंवा आहारात तांब्यासारखे क्षार कमी पडत असतील, तर काळ्या जनावराचा केस तांबूस आणि निस्तेज होतो. वरून किती का चोपडेनात.

प्रत्येक जातीचे पथ्य वेगळे आहे. अकोले-इगतपुरीकडच्या डांगीची कातडी तेलकट असते आणि त्या तेलावर ती घाटमाथ्याचा पाऊस अंगावरून ओघळू देते. तिला साबणाने घासून तुकतुकीत करणे म्हणजे तिचा पावसाळी कोटच काढून घेणे. देवणीत काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांवरून वानेरा, शेवेरा, बालंक्या असे प्रकार ओळखतात, तेव्हा रंगाची रेघ स्वच्छ दिसणे महत्त्वाचे. लाल कंधारीचा रंग एकसारखा असावा लागतो. तापी खिलाराचे नाक आणि खूर गाजरी असतात आणि ते काळे करून बाजारात आणणारेही भेटतात. खिलाराचे वासरू जन्मते तेव्हा त्याच्या टाळूवर तांबूस छटा असते आणि काही महिन्यांत ती आपोआप जाते. ती दोष समजून धुऊन काढायला निघालेले हौशे नवखे मी पाहिले आहेत.

भादरणीची आपली खरी शाळा म्हशीची. तिची राजधानी कोल्हापूर. दिवाळीच्या पाडव्याला गवळी समाज म्हशी नटवून रस्त्यावर आणतो. शिंगे रंगवलेली, त्यांना मोरपिसे, गळ्यात घुंगरमाळा, पायात चांदीचे तोडे, आणि मालकाच्या मोटारसायकलीमागे पळणारी म्हैस. त्या आधी म्हैस भादरलेली असते आणि चांगल्या हाताचा न्हावी पाठीवर केसातच नाव, फूल किंवा मोर राखून देतो. बाकी अंगावर काळी, तेल लावलेली कातडी आणि तेवढ्या जागेवर करडा केस. तिकडच्या प्रदर्शनात केस राखून पाठ सरळ दाखवतात. इथे केस राखून त्यात मालकाचे नाव लिहितात. पंढरपुरी म्हशीची शिंगे खांद्याच्या फऱ्यापलीकडे मागे जातात. ती सांभाळून तिला भादरणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. मान वळली की शिंग माणसाच्या बरगडीत. पुण्यातही गवळ्यांच्या वस्त्यांत हा सण होतो. हैदराबादेत यादव समाजाचा सदर उत्सव याच काळातला, तिथे मुऱ्हा जातीचे रेडे मिरवतात.

लबाडीचा विषय टाळून ही प्रस्तावना पुरी होणार नाही. ओहायोच्या राज्यजत्रेत १९९४ साली बक्षीस मिळालेल्या वासरांना बंदी असलेली औषधे आणि कातडीखाली तेल टोचल्याचे उघड झाले आणि मोठा गदारोळ उठला. दुभत्या गायींना कास फुगलेली दिसावी म्हणून धार न काढता तासन्‌तास तिष्ठत ठेवणे हा तिकडचा जुना रोग. त्यावर आता नियम आहेत आणि तपासणीही. आपल्याकडचे प्रकार कमी कल्पक नाहीत. दात घासून वय कमी दाखवतात, अशुभ समजला जाणारा भोवरा केस कापून किंवा वळवून लपवतात, पांढरे झालेले केस काळे करतात, आणि बैल तरतरीत दिसावा म्हणून त्याला काय काय पाजतात ते लिहिण्याजोगे नाही. भोवऱ्यावरून जनावर शुभ-अशुभ ठरवण्याला मी काडीची किंमत देत नाही. पण तो लपवून घेणाऱ्याला फसवणे ही फसवणूकच. मला रेघ ओढायची झाली तर मी अशी ओढीन. जे धुतल्याने, विंचरल्याने, कापल्याने, चालायला शिकवल्याने दिसते ते सगळे रास्त. जे कातडीच्या आत घुसते, किंवा पंचाच्या हाताला खोटे लागते, ते नाही. लेखकांनी ही रेघ थोडी आत घेतली आहे. शिंगाला रंग लावणेही प्रदर्शनात नको, सणाला खुशाल लावा, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यावर वाद होईल आणि व्हावा.

आता ती अडचण. बैल कशासाठी तयार करायचा? नांगर, मोट, गाडी यांच्यासाठी बैल लागत होता तोवर खुरावर आणि खांद्यावर फिरणारा हात शेतीच्या गरजेतून फिरत होता. मोट गेली, मग ट्रॅक्टर आला. २०१९च्या पशुगणनेत देशातला देशी गोवंश २०१२च्या मानाने ६ टक्क्यांनी घटलेला दिसला. खिलार बैल पाळणाऱ्यासमोर मग दोन वाटा उरल्या, शर्यत आणि प्रदर्शन. शर्यतीवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याच्या कायद्याला मान्यता दिली. बंदीच्या वर्षांत प्रदर्शने हाच खिलाराचा आधार होता, आणि आता शर्यत परतल्यावर बाजारात चपळ, हलक्या खोंडाला मागणी वाढली आहे. म्हणजे पैदास पळण्याकडे झुकते आणि प्रदर्शनाची गुणपत्रिका अजून ओढकामाची. रिंगणात पहिला आलेला बैल शर्यतीच्या घाटात कुणी विचारत नाही. या ओढाताणीत पंचांनी नेमके काय पाहावे, हे कुणीतरी लिहून ठेवायची वेळ आली होती.

सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून घोषित केले. मान दिला, चांगले झाले. पण गोठ्यातल्या माणसाला त्या मानाइतकीच गरज आहे ती उत्तम वळूची, आणि वळू निवडायची जागा अजूनही यात्रेतले रिंगण हीच आहे. तिथे खोटा बैल पहिला आला तर त्याला दाखवलेल्या गायींच्या पोटी तो खोटेपणा पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींनी हा धोका वाढवला आहे. तेल लावून, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात काढलेल्या फितीत कुठलाही खोंड राजबिंडा दिसतो, आणि लोक पाचशे किलोमीटरवरून फितीवर सौदा करतात.

२०२२च्या लम्पी साथीने दुसरा धडा दिला. महिनेच्या महिने बाजार, यात्रा, प्रदर्शने बंद राहिली. जी जनावरे वाचली त्यांच्या कातडीवर गाठींचे व्रण राहिले. पुढच्या हंगामात रिंगणात आलेल्या कित्येक उत्तम खोंडांच्या अंगावर ते दिसत होते, आणि व्रण झाकण्यासाठी तेल, काजळ, काय काय फासलेले होते. पंच म्हणून मी स्वतः व्रणाचे गुण कापले नाहीत. रोगातून उठून अंग धरलेले जनावर मला जास्त विश्वासाचे वाटते. सगळ्या पंचांना तसे वाटत नाही.

या पुस्तकाला ही सगळी पार्श्वभूमी आहे. लेखकांनी ते पाठ्यपुस्तकासारखे लिहिले नाही. शिंगे साळणारे, नालबंद, म्हशी भादरणारे न्हावी, गोंडे विणणाऱ्या बाया, झुली शिवणारे शिंपी यांच्याकडून त्यांनी कामे समजून घेतली आणि त्यांच्याच शब्दांत उतरवली. जिथे परंपरेचे म्हणणे आणि पशुवैद्यकाचे म्हणणे जुळत नाही तिथे दोन्ही शेजारी ठेवून आपला कौल दिला. इंग्लंड-अमेरिकेच्या पद्धती घेताना हावरटपणा केला नाही. जर्सी-होल्स्टीनच्या संकरित गायी आपल्याकडे आता सर्रास आहेत आणि तालुक्याच्या प्रदर्शनांत त्यांचा वेगळा वर्ग असतो, म्हणून यंत्राने भादरण्याचे तंत्र सविस्तर आले आहे. पाते किती तापले ते आपल्या मनगटावर टेकवून बघण्यापासून. पण तीच यंत्रे खिलारावर चालवू नका, हेही तितक्याच ठामपणे सांगितले आहे. जनावराला चालायला शिकवणे, हलगी आणि लाउडस्पीकर यांच्या आवाजाला सरावणे, वेसणीला हिसका न देता वळवणे, या भागाला त्यांनी केसांपेक्षा जास्त पाने दिली आहेत. तेच बरोबर आहे. हलगी वाजली की बुजणारा खोंड कितीही घासलेला असो, रिंगणात पंचांना त्याची मान नीट पाहायलाच मिळत नाही.

काही उणिवा राहिल्या आहेत. विदर्भातल्या गवळाऊवर आणि कोकण कपिलावर अजून लिहायला हवे होते. बायकांच्या कामाची नोंद आहे, पण त्यांची भूमिका अजून विस्ताराने यायला हवी. खोंडाला रोज खुराक घालणारा, रात्री उठून पाणी दाखवणारा हात बहुतेक घरांत बाईचा असतो, आणि गुलाल उडताना ती माळाच्या कडेला असते.

ज्यांना चैत्रात खरसुंडीला जनावर न्यायचे आहे, त्यांनी पुस्तक फाल्गुनात उघडून उपयोग नाही. पौषात उघडावे. खुराक, जंताचे औषध आणि रोजचा खरारा यांना एवढा अवधी लागतोच. एकाच वेळी चार-पाच घरांची जनावरे भादरणाऱ्यांनी स्वच्छतेचा भाग आधी वाचावा. गजकर्ण एका जनावराचे दुसऱ्याला लागते ते बहुतेकदा ब्रशने आणि यंत्राच्या पात्याने. एक जनावर झाले की पाते जंतुनाशकात बुडवून, पुसून, मगच दुसऱ्याच्या अंगावर टेकवावे, ही ओळ ठळक अक्षरांत छापा असा आग्रह मी धरला होता. ती तशी छापली आहे.